जमिनीखाली सव्वीस, की छत्तीस

कामावर तिला सगळे ओळंबाबाई म्हणायचे. नाव ठेवलं होतं म्हाताऱ्या मेस्त्रींनी, ती एकोणीस वर्षांची असताना. लिफ्टच्या उभ्या बोळात वरपासून खालपर्यंत तार सोडायची, तिच्या टोकाला जड ओळंबा बांधायचा आणि त्या तारेच्या मापाने रूळ उभे करायचे, हे काम बाकीचे कंटाळत उरकायचे. ही मात्र तार डुलायची थांबेपर्यंत श्वास धरून उभी राहायची. मेस्त्री म्हणाले, "ही पोरगी नव्हे, ओळंबा आहे. वाकड्याला सरळ म्हणायची नाही." तेव्हापासून तेच नाव चिकटलं.

सत्तावीस वर्षं तिने लिफ्ट दुरुस्त केल्या. नऊ-नऊ मजल्यांच्या पोकळीवर लिफ्टच्या टपावर बसून ती डबा उघडून जेवायची. तिचे हात कधी कापले नाहीत. पण भावाचा विषय निघाला, की हीच बाई सशाच्या काळजाची व्हायची.

धाकटा तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. दोन वर्षांचा असताना तापात त्याची नजर गेली. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे हिने त्याला आईच्या वरताण वाढवलं. तो शिकला, एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर झाला. तीनशे खोल्यांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. सकाळी आठला भुयारी रेल्वेने जायचा, दुपारी साडेतीनला सुटायचा, आणि तोच रस्ता धरून एकटा परत यायचा. ती रोज म्हणायची, "पोचलास की फोन कर." तो रोज हसायचा. "ताई, आंधळा मी आहे, आणि चाचपडतेस तू."

दोन वर्षांपूर्वी गाडीतली घोषणा बिघडली होती. स्टेशनं मोजताना त्याचं एक चुकलं आणि तो भलत्याच ठिकाणी उतरला. फलाटाचं काम चालू होतं. नेहमीच्या सवयीने चार पावलं टाकून त्याने काठी पुढे केली, तर काठीला खाली काहीच लागेना. तो तसाच उभा राहिला, पाऊण तास, कुणीतरी येऊन दंड धरेपर्यंत. घरी आल्यावर त्याने हे हसत हसत सांगितलं. तिला मात्र त्या दिवशी घास गिळवेना.

मग तिने डबी बनवली. लिफ्टमध्ये हिसके मोजायला एक सेन्सर असतो आणि उंची ओळखायला हवेचा दाब मोजणारा दुसरा. दोन्ही साधे, नखाएवढे. जमिनीखाली उपग्रहाचा नकाशा चालत नाही, पण हिसका आणि हवा कुठेही असतेच. गाडी सुटताना एक धक्का बसतो, थांबताना दुसरा, ते मोजले की स्टेशनं मोजता येतात. आणि खाली उतरलं की हवेचा दाब वाढतो. एक मिलिबार वाढला, की समजायचं माणूस साधारण साडेआठ मीटर खाली गेला. तिने दोन्ही सेन्सर साबणदाणीएवढ्या डबीत बसवले आणि एक बोलका तुकडा जोडला. डबी धाकट्याच्या कानात सांगायची, "सहावं गेलं. सातवं येतंय. जमिनीखाली बावीस मीटर." पावलंसुद्धा मोजायची.

एकच पथ्य होतं. स्टेशनात उतरण्यापूर्वी, रस्त्यावर असतानाच डबीचं बटण दाबायचं. हवेचा दाब दिवसभर एकसारखा नसतो. सकाळी चढतो, दुपारी उतरतो. बटण दाबलं की डबी म्हणते, इथे जमीन, इथून खाली मोजायचं. न दाबलं तर ती जुन्याच जमिनीवरून मोजत बसते. "सकाळी एकदा आणि दुपारी एकदा," तिने त्याला बजावलं होतं. धाकट्याने डबीला 'माझी दुसरी ताई' असं नाव ठेवलं, कारण तीही गप्प बसत नसे.

त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी ओळंबाबाई एका कचेरीच्या इमारतीत सातव्या मजल्यापाशी लिफ्टच्या टपावर होती. फोन वाजला.

"ताई, घाबरू नकोस," धाकटा म्हणाला.

तिने हातातला पाना खाली ठेवला.

"कुठे आहेस?"

"तेच तर ठाऊक नाही. गाडी बोगद्यात थांबली. जळल्याचा वास आला, धूर झाला. सगळ्यांना खाली उतरवून चालायला लावलं. ढकलाढकलीत माझी काठी गेली. भिंत धरून चालत होतो, हाताला दार लागलं. मागून धूर येत होता म्हणून आत शिरलो. आत पायऱ्या होत्या खाली उतरणाऱ्या. पाय घसरला."

"लागलं?"

"घोटा दुखावलाय. उभं राहता येतं, चढता येत नाही. आणि वर दाराशी धूर आहे. खाली हवा बरी आहे." तो खोकला. "बाकीचे लोक गेले बहुतेक. कुणाचाच आवाज नाही."

"डबी काय म्हणते?"

"सातवं गेलं, आठवं यायचंय. गाडीतून उतरल्यापासून दोनशे सहा पावलं. जमिनीखाली सव्वीस मीटर."

"तिथून हलू नकोस. मी येतेय."

लिफ्टच्या टपावरून ती कशी उतरली, तिला नंतर कधीच आठवलं नाही. सातव्या आणि आठव्या स्टेशनांच्या मधला बोगदा नदीखालून जातो, एवढंच डोक्यात घणघणत होतं. स्कूटर काढून ती आठव्या स्टेशनाकडे निघाली. मन चिंती ते वैरी न चिंती. तिच्या मनाने त्या दहा मिनिटांत भावाला तीन वेळा मारलं आणि तीन वेळा जिवंत केलं.

स्टेशनाच्या तोंडाशी दोरी बांधून लोकांना अडवलं होतं. आतून माणसं बाहेर येत होती, काळवंडलेल्या तोंडांची, खोकणारी. तीन बंब उभे होते. एका टेबलावर नकाशा पसरून स्टेशनमास्तर आणि बंबवाल्यांचे साहेब उभे होते. ती दोरीखालून वाकून आत शिरली.

"ओ बाई, मागे व्हा!"

"माझा भाऊ आत राहिलाय. त्याला दिसत नाही. फोनवर आहे तो."

साहेबांनी मान वर केली. रापलेला, अर्ध्या पांढऱ्या मिशांचा माणूस. "कुठे आहे?"

"सातव्या आणि आठव्याच्या मध्ये. एका दारातून आत गेलाय. पायऱ्या उतरून खाली आहे."

"फोनवरून जागा कळत नाही का?" साहेबांनी मास्तरांना विचारलं.

"नाही साहेब," मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "बोगद्यात फोन एका लांब तारेवर चालतो. कंपनीला एवढंच दिसतं, की माणूस खाली आहे. बोगदाभर कुठेही. आणि वीज तोडल्यामुळे ती तार आता बॅटरीवर आहे. फार तर अर्धा तास."

"दारांवर नंबर असतील ना?"

"असतात. पण रंगवलेले."

धाकट्याचा हात त्या नंबरावरून फिरला असेल, आणि गुळगुळीत पत्र्याशिवाय त्याला काहीच लागलं नसेल.

मास्तरांनी नकाशावर बोट ठेवलं. गाडी थांबली होती ती इथे. तिथून पुढे दोनशे पावलांवर एक दार, आत केबलची खोली. मागे दोनशे पावलांवर दुसरं दार, आत पंपाची खोली. दोन्हीकडे आत शिरलं की पायऱ्या खाली जातात.

"तो पुढे गेला की मागे?"

तिने फोनवर विचारलं. धाकटा म्हणाला, "कळलंच नाही गं. उतरताना गर्दीत दोन-तीनदा गरागरा फिरलो. आधी एकीकडे ढकलत होते, मग कुणी ओरडलं, मागे फिरा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "माझी एकच तुकडी आहे आत जाण्यासारखी. पाठीवरच्या नळकांड्यांत हवा असते मोजून पंचवीस मिनिटांची. दुसरी तुकडी यायला वेळ आहे. मला एकच दार सांगा, बाई. कुठलं?"

"दोन्ही खोल्या किती खोल आहेत?" तिने विचारलं.

मास्तरांनी नकाशावरचे आकडे वाचले. "केबलची सव्वीस मीटर. पंपाची छत्तीस."

सव्वीस! तिच्या जिवात जीव आला. तिने खिशातल्या डबीच्या जोडीदाराकडे, कामावरच्या आपल्या दाबमापकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "केबलची खोली," ती म्हणाली. "त्याच्याकडे माझं यंत्र आहे. सव्वीस सांगतंय."

"नक्की?"

"नक्की."

आयुष्यात तिने वाकड्याला सरळ म्हटलं नव्हतं. साहेबांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि वॉकीटॉकीवर हुकूम दिला. चार माणसं धुरात उतरली.

ती फोन कानाला लावून उभी राहिली. "आले बघ, निघाले तुझ्याकडे. दाराशी हाका मारतील. तूही ओरड."

"बरं."

"थंडी वाजतेय का? आवाज असा का येतोय तुझा?"

"काही नाही. बसलोय पायरीवर."

पाच मिनिटं गेली. सात गेली. वॉकीटॉकी खरखरली. "साहेब, केबलची खोली गाठली. कुणी नाही."

"नीट बघा. पायऱ्यांखाली?"

"कोपरा न् कोपरा पाहिला. कुणी नाही. ओरडूनही पाहिलं."

फोनवर धाकटा शांतपणे म्हणाला, "ताई, इथे कुणाची हाक नाही आली."

तिने वर पाहिलं. स्टेशनच्या दारावर घड्याळ होतं. चार चाळीस. दुपार. दुपार! तिने दाबमापक खसकन खिशातून काढला. रोज सकाळी घराच्या दारात ती त्यावरचा आकडा कामाच्या वहीत लिहून ठेवायची. घर आणि हे स्टेशन एकाच पातळीवर, तिने ते पूर्वीच मोजलं होतं. वहीची पानं उलटताना, आयुष्यात पहिल्यांदा, तिचे हात लटलटले. सकाळी आठचा आकडा. आत्ताचा आकडा. दाब सव्वा मिलिबारने उतरला होता.

"धाकट्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "दवाखान्यातून निघताना, स्टेशनात उतरण्याआधी, बटण दाबलं होतंस?"

पलीकडून आधी खोकला आला.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही दाबलं. गाडीची वेळ झाली होती, पळालो."

डबी अजून सकाळच्याच जमिनीवरून मोजत होती. सव्वा मिलिबार म्हणजे दहा मीटर. सव्वीस आणि दहा.

"साहेब, चुकलं माझं! छत्तीस. तो छत्तीस मीटरवर आहे. पंपाच्या खोलीत."

मास्तरांनी नकाशावर बोट टेकलं. ते हळूच म्हणाले, "वीज तोडली तेव्हा पंपही बंद पडले. नदीखालचं झिरपणारं पाणी सगळं त्याच खोलीत उतरतं. वर आपण विझवायला मारतोय तेही."

तिने टेबलाची कड धरली.

"धाकट्या. तिथे पाणी आहे?"

"आहे थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"तू घाबरशील म्हणून..."

"किती ते सांग!"

"पहिल्यांदा घोट्याला होतं. मग एकेक पायरी वर सरकत आलो. आता कमरेला आहे. वर आणखी सरकलं की धूर लागतो, श्वास घेववत नाही. गार आहे गं फार."

खाली पाणी, वर धूर, आणि मधल्या चार पायऱ्यांत तिचा भाऊ. एवढा वेळ तो तिला सांभाळत बसला होता.

साहेब वॉकीटॉकीत ओरडत होते, "मागे फिरा! गाडी ओलांडून पंपाची खोली! हवा किती उरलीय?"

"चौदा मिनिटं, साहेब."

"जायला चार, आणायला नऊ. जमेल. पळा!"

ओळंबाबाईने डोळे मिटले. चारशे पावलं. तिने पाठवलेल्या चुकीच्या दारापासून खऱ्या दारापर्यंत. धुरात, जड नळकांडी पाठीवर घेऊन. तिने 'नक्की' म्हटलं नसतं तर? घाईत त्या सव्वीसवर झडप घातली नसती तर? तिच्या मनाने हिशेब मांडायला सुरुवात केली होती: सात मिनिटं गेली ती तिच्या नावावर.

"ताई, बोल ना काहीतरी," धाकटा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

काय बोलणार? तिला आठवेल ते ती बोलत सुटली. दवाखान्यातल्या खोल्यांचे नंबर विचारले. "तीनशे बाराला कोण?" "हाडांचे डॉक्टर." "एकशे चार?" "रक्त तपासणी." "दोनशे... दोनशे नव्वद?" "दोनशे नव्वद नाहीच. फसवतेस होय?" तो हसला, आणि हसताना खोकला, आणि खोकला थांबेना. मग तो म्हणाला, "पाणी छातीला लागलंय."

"येतायत ते. आलेच."

"ताई, हे बघ, काही झालं तर डबीचा दोष..."

फोन बंद पडला. तिने पुन्हा लावला. पुन्हा. बोगद्यातली तार मेली होती.

त्यानंतर काय झालं ते तिला फक्त आवाजांनी आठवतं. वॉकीटॉकीची खरखर. साहेबांचं "बोला, बोला." मास्तर तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते. तिने दाबमापक मुठीत इतका घट्ट धरला होता, की त्याची कड तळहातात रुतून रक्त आलं, ते संध्याकाळी कुणीतरी दाखवलं तेव्हा तिला कळलं.

"साहेब, दार उघडलं. खाली पाणी आहे. खूप आहे."

"माणूस?"

खरखर. मग काहीच नाही. पुन्हा खरखर.

"माणूस आहे, साहेब. गळ्यापर्यंत पाण्यात. वरचा पाइप धरून लटकलाय. जिवंत आहे."

ती मटकन खाली बसली, फरशीवर, लोकांच्या पायांत.

त्याला वर आणलं तेव्हा तो निळा पडला होता आणि पाइपावरून सोडवलेली बोटं अजून तशीच वाकडी होती. ती त्याच्याजवळ गेली, तर त्याने वासावरून तिला ओळखलं; तिच्या कपड्यांना कायम ग्रीसचा वास. तो काहीतरी म्हणाला, पण ओठ हलत नव्हते. गाडीतून दवाखान्यात नेताना ती त्याची बोटं एकेक करून सरळ करत बसली.

तो नऊ दिवस दवाखान्यात होता, आपल्याच. खोली एकशे सत्याहत्तर. छातीत पाणी गेलं होतं, ताप चढउतार होत होता. त्या नऊ दिवसांत बंबवाल्यांचे साहेब एकदा येऊन गेले. दारांच्या पत्र्यांवर आता उठावाचे आकडे बसवायचं ठरलंय म्हणाले, आणि तिच्याकडून दाब आणि खोली यांचा तक्ता लिहून घेतला. जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही नसता तर आम्ही दारं शोधत बसलो असतो." तिने मान हलवली. ते गेल्यावर बराच वेळ ती खिडकीशी उभी होती. त्या माणसाला खरं ठाऊक होतं. सात मिनिटं त्यालाही ठाऊक होती. तरी त्याने त्यांचा विषय काढला नाही, आणि हेच तिला सहन होईना.

धाकट्याला तिने ते सांगितलं नाही. घरी आल्यावरही नाही. पुढे एका रविवारी, तो पलंगावर बसून मोजे घालत असताना, तिला राहवेना.

"मी त्यांना आधी भलत्या दारात पाठवलं होतं," ती म्हणाली. "आकडा पडताळला नाही. सव्वीस ऐकलं आणि हुरळले. सात मिनिटं गेली माझ्यामुळे."

तो मोजा हातात घेऊन थांबला. "माहीत आहे."

"कसं?"

"फोन चालू होता ना. सगळं ऐकू येत होतं. 'कुणी नाही' म्हणाले तेही."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? बटण मी दाबलं नव्हतं. आणि पाणी मी लपवलं होतं. पहिल्याच फोनवर सांगितलं असतं, तर मास्तरांनी दार तिथल्या तिथे ओळखलं असतं. मी भीत होतो, ताई. तू घाबरशील म्हणून नाही. मोठ्याने 'पाणी' म्हटलं की ते खरं होईल, म्हणून."

तिने त्याच्या हातातला मोजा घेतला आणि उलटा झाला होता तो सुलटा करून दिला.

महिन्याभराने तो कामावर रुजू झाला. ती म्हणाली, रिक्षाने जा. तो म्हणाला, आयुष्यभर? पहिल्या दिवशी ती त्याच्याबरोबर स्टेशनापर्यंत गेली. दोघं रस्त्यावर थांबले, त्याने बटण दाबलं, तिने आपल्या मापकाशी आकडा ताडून पाहिला. मग तो कठड्याला हात लावून पायऱ्या उतरू लागला. तिला खाली जायचं धाडस झालं नाही. तो दिसेनासा झाला तरी ती तिथेच उभी राहिली, माणसं तिला वळसा घालून जात होती. चोवीस मिनिटांनी फोन वाजला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"पोचलो," धाकटा म्हणाला. मागे दवाखान्यातले फोन वाजत होते.

"बरं," ती म्हणाली, आणि साडेतीन वाजायला अजून किती वेळ आहे ते पाहायला लागली.